डोळा मारू व्हय?

राजारामपुरी, कोल्हापूर
७ डिसेंबर २०२५

ती. स्व. आक्कास,


परवा तू फोनवर अर्धा तास बोललीस आणि ठेवता ठेवता विचारलंस, "अरे, हे आपलं बोलणं फोन ऐकत नसेल ना?" प्रश्न फोनवरच विचारलास, म्हणून उत्तर कागदावर देतोय. कागद तरी सुरक्षित आहे असं मात्र समजू नकोस. गेल्या वर्षीच्या जूनपासून नवा पोस्ट ऑफिस कायदा लागू झालाय. सुरक्षेचं वगैरे कारण असेल तर सरकार टपाल वाटेत अडवून उघडू शकतं. तसा अधिकार इंग्रजांच्या १८९८च्या कायद्यातही होताच म्हणा. शिवाय यंदा रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणजे हे पत्र मधे कुणी वाचलंच तर निदान लवकर वाचेल.

आता तुझा प्रश्न. गुडघा दुखतोय म्हणालीस आणि दहा मिनिटांत तेलाची जाहिरात आली, म्हणून तू घाबरलीस. पण त्याआधी सूनबाईनं त्याच वायफायवर गुडघ्याचे डॉक्टर शोधले असतील, तू स्वतः व्यायामाचे व्हिडिओ पाहिले असशील, तुझं वय फोनला ठाऊक, दवाखान्यात किती वेळ बसलीस तेही ठाऊक. एवढं असल्यावर कान लावायची गरज कुणाला? अर्थात अगदीच निश्चिंत राहा असंही म्हणत नाही. अमेरिकेत ॲपलच्या फोनमधली 'सिरी' न बोलावता जागी होऊन घरातलं बोलणं टिपते, असा दावा लोकांनी लावला होता. ॲपलनं चूक कबूल केली नाही, पण साडेनऊ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवायची तयारी दाखवल्याचं यंदा जानेवारीत कळलं. आपल्याला ती भीती कमी. माझ्या मोबाईलच्या दुकानात रोज बघतो, माणूस बोलून टाइप करायला जातो, "कुठं निघालाईस?" म्हणतो आणि फोन भलतंच काही लिहितो. मग तो फोनवर ओरडतो आणि फोन तेही लिहून घेतो.

२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीला त्या निकालाची प्रत अजून मिळालेली नाही. कुणाच्या घरी कुठले पाहुणे, कुणाचं स्थळ कशावरून मोडलं, सगळं आपल्या आधी गल्लीला कळायचं. पण आक्का, गल्लीला तोंड होतं. तू स्वतः समोरच्या काकूंच्या दारात जाऊन "तुम्हाला काय करायचंय?" विचारून आली होतीस. कंपनीच्या दारात कशी जाशील? मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी सात दाबा, आणि मग बासरी ऐकत बसा. माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ला झाला, त्याचे नियम गेल्या महिन्यात आले, आणि त्यातली मुख्य बंधनं लागू व्हायला अजून दीड वर्ष आहे. तोवर बासरी.

आणि बाहेरच्यांना काय नावं ठेवायची? खरा धोका माझ्याच काउंटरवर आहे. दुकानात झेरॉक्स मशीन ठेवल्यापासून अर्धी राजारामपुरी आपलं आधार कार्ड मला व्हॉट्सॲपवर पाठवते. "मालक, पाठवलंय बघा, दोन काढा." पॅन, बँकेचं पासबुक, पोरीचा दाखला, सासूचा एक्स-रे. मी रात्री शटर ओढायच्या आधी डाउनलोडचा फोल्डर रिकामा करतो. सगळे दुकानदार करतात, असं मात्र शपथेवर सांगणार नाही. २०२२च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्याच एका कार्यालयानं पत्रक काढलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी प्रत द्या. गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत पत्रक मागं घेतलं, गैरसमज होईल म्हणून. अख्ख्या देशाला शहाणपण सुचलं होतं ते दोन दिवस. मशीनचा टोनर वाचला असता, पण माझा धंदा बसला असता.

अशीच माघार या आठवड्यात झाली. 'संचार साथी' या सरकारी ॲपचं तू वाचलं असशीलच. दूरसंचार खात्यानं २८ नोव्हेंबरला मोबाईल कंपन्यांना कळवलं, की नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप घालूनच विका. आता मी या ॲपच्या विरोधात नाही. फोन हरवला म्हणून रडवेला झालेला पोरगा आला की मीच त्याला सांगतो, आधी पोलिसांत तक्रार दे, मग ॲपवर फोनचा आयएमईआय नंबर टाकून तो ब्लॉक कर. त्यावरून फोन परत मिळालेली माणसं मी पाहिलीत. चांगली वस्तू आहे. पण चांगली वस्तू घशात कोंबली की माणूस ती थुंकणारच. हेरगिरी, हेरगिरी असा आरडाओरडा झाला. केंद्रीय दूरसंचार मंत्री शिंदे म्हणाले, नको असेल तर डिलीट करा. आदेशात मात्र ॲपचं काम बंद पाडता येऊ नये असं लिहिलेलं. ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली, आणि कारण काय दिलं? तर लोक आपणहून इतकं डाउनलोड करतायत, की सक्तीची गरजच उरली नाही. पुढाऱ्यानं पडल्यावर 'मला जमीन जवळून बघायची होती' म्हणावं, तसलं हे. माझ्या दुकानात एकानं ते ॲप मुद्दाम घालून घेतलं, "बघू तरी काय ऐकतंय" म्हणून.

२८ नोव्हेंबरलाच खात्यानं आणखी एक फर्मान काढलंय, त्याचा गवगवा कमी झाला. ज्या सिमवर व्हॉट्सॲप उघडलंय ते सिम फोनात असायलाच हवं, आणि कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप दर सहा तासांनी आपोआप बंद व्हायला हवं. फसवणूक थांबावी म्हणून. हेतू बरा आहे, पण झेरॉक्सवाल्यांना कुणी विचारलं होतं का?

तू महादेवीबद्दल विचारलं होतंस, ते फोनवर राहूनच गेलं. पुण्याच्या पेपरात तुला हत्तीण आणि मोर्चा दिसला असेल. मला ते प्रकरण काउंटरच्या आतल्या बाजूनं दिसलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण, तिथं १९९२पासून. हायकोर्टानं १६ जुलैला तिला जामनगरच्या 'वनतारा'त न्यायचा आदेश दिला, २८ जुलैला सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला आणि त्याच रात्री गाव रडत असताना ती गेली. तिच्या तब्येतीचे अहवाल कोर्टापुढं होते, कोर्टानं त्यावरूनच ठरवलं, त्यात मी पडत नाही. पण 'वनतारा' अंबानींचं, आणि खिशातलं सिमही अंबानींचं, एवढा हिशेब शिरोळ तालुक्यानं एका रात्रीत घातला. कोर्टाला पोर्ट करता येत नाही, सिम करता येतं! कस्टमर केअरला फोन लावून "आमची हत्तीण कधी सोडताय?" विचारणाऱ्यांच्या क्लिपा गावभर फिरल्या. किती जणांनी कार्ड बदललं याचा आकडा चहाच्या गाड्यावर दर कपाला वाढत होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिरोळकडचे एक म्हातारे शेतकरी, शाहूपुरीतलं काम आटपून, दुकानात आले. बटणांचा फोन काउंटरवर ठेवला. "ह्ये कार्ड बदलायचं."

"का हो मामा, रेंज येत नाही?"

"रेंज लई येती. हत्तीण येत न्हाई."

आता पोर्ट करायचं म्हणजे काय, तर १९००वर मेसेज पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवसांत वापरायचा. ते झालं. पण त्यांचा फोन होता त्याच कंपनीचा स्वस्तातला, ज्यात दुसऱ्या कुणाचं सिम चालतच नाही. हे समजावून सांगितलं, तर मामा म्हणाले, "मग फोन बी ठिवा तुमच्यापाशी." नवा साधा फोन घेतला. खरेदीच्या भावात दिला असं लिहिलं तर तुला पटायचं नाही, पण शंभर रुपये सोडले.

मग केवायसी. आधार नंबर, अंगठा, पत्ता. शेतात राबून अंगठ्याच्या रेघा पुसलेल्या, तो उठेना. दुसरं बोट लावलं. मग फोटो. माणूस जिवंत आहे याची ॲपला खात्री हवी असते, म्हणून ते डोळे मिचकवायला सांगतं. मी म्हटलं, "मामा, जरा डोळे मिचकवा."

"ह्या वयात पोरींगत डोळा मारू व्हय?"

दुकान हसलं. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पापणी पुरती मिटेना, ॲप काही केल्या ऐकेना. शेवटी उजेडाकडं तोंड करून बसवलं, तेव्हा ते जिवंत असल्याचं मान्य झालं. जाताना म्हणाले, "हत्तीण नेताना तिला इचारलं हुतं का डोळं मिचकीव म्हणून?"

मी नंतर बराच वेळ त्यावरच विचार करत होतो. एका कंपनीवर रागवायचं, तर दुसऱ्या कंपनीला बोटं, चेहरा, पत्ता सगळं नव्यानं द्यावं लागतं. रागाचीही केवायसी! तरी राग पोचला हे खरं. ३ ऑगस्टला नांदणीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर मूक पदयात्रा निघाली. ६ तारखेला 'वनतारा'नं निवेदन काढलं, की आम्ही फक्त कोर्टाचा आदेश पाळला, हत्तीण परत आणायच्या अर्जाला आमचा पाठिंबा आहे, नांदणीजवळ केंद्र उभं करायलाही मदत करू. आणि शेवटी चक्क 'मिच्छामि दुक्कडम्'. एवढी मोठी माणसं जैनांच्या क्षमापनेच्या शब्दांत माफी मागतात, ती सिमकार्डामुळं की पदयात्रेमुळं, यावर इथं अजून वाद चालतो. मी मोबाईलवाला, माझं मत तुला ठाऊकच आहे. दहा वर्षं आम्ही ग्राहकाला "अटी वाचा, अटी वाचा" म्हणतोय. त्यानं एक ओळ वाचली नाही, पण आपल्या हातात नेमकं काय आहे ते बरोबर ओळखलं. वस्तू परत करता येते, तेवढंच.

अंगणवाडीच्या बायकांनी हे आधीच करून दाखवलं होतं. २०१९ला सरकारनं त्यांना फोन दिले, दोन जीबी रॅमचे. त्यावर पोषण ट्रॅकर नावाचं ॲप चालवायचं, तेही इंग्रजीत. फोन तापायचा, अडकायचा, दुरुस्तीचा खर्च बाईंच्या पदरात. तसले फोन माझ्याकडंही यायचे. उघडून बघितलं की वाटायचं, आता ह्यात दुरुस्त काय करायचं? २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन गोळा करून साहेबांच्या टेबलावर ठेवले. घ्या तुमचं तुम्हाला. आता त्याच ॲपवर आहार घ्यायला येणाऱ्या आईचा चेहरा ओळखून घ्यावा लागतो. फोन टेबलावर ठेवता आला. चेहरा कुठं ठेवायचा?

विजेच्या मीटरचंही तेच. जूनमध्ये तू आलीस तेव्हा जुनंच होतं. इचलकरंजीच्या प्रताप होगाडेंसारख्या लोकांनी स्मार्ट मीटरविरुद्ध रान उठवलं, तेव्हा गेल्या वर्षी सरकारनं जाहीर केलं, की घरगुती ग्राहकाला प्रीपेड मीटर नाही. मग तेच मीटर बिल मागाहून येणारं करून, टीओडी नावानं दारात आलं. आधी रिचार्ज मारा म्हणत होते, ते तेवढं टळलं. दिवसा वीज वापरली तर थोडी सवलत आहे, ते चांगलं. पण हे यंत्र थोड्या थोड्या वेळाचा वापर टिपून ठेवतं. रविवारी सकाळी मिक्सर किती फिरला त्यावरून तांबड्या रश्श्याला पाहुणे किती होते, हे महावितरणला कळू शकतं. घरातल्या भांडणात तुझ्या वहिनीनं कालच मुद्दा मांडला, "टीव्ही रात्री किती वाजता बंद झाला ते मीटरला विचारा." माझी वाचाच बसली.

शेवटी कामाचं. वारसनोंदीसाठी तलाठ्यांनी तुझ्या आधारची प्रत मागितलीय. सूनबाईला सांगून दुकानातून पीडीएफ करून पाठवशील, तर पाठवू नकोस. पुण्यातल्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरून ती निघायची नाही. संक्रांतीला येतेस, तेव्हा मूळ कार्डच घेऊन ये, आपल्याच मशीनवर काढू. येताना बाकरवडी आण, नेहमीची. त्याची जाहिरात फोनवर दिसली तर मला दोष देऊ नकोस, मी कागदावर लिहिलंय.

तुझा,
धाकटा