पांढरी खाण

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या माणसाला खाण म्हटलं की काळा रंग आठवतो. कोळशाच्या ट्रकांमागे उठणारा धुरळा, अंगणातल्या तुळशीवर बसणारी काजळी, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खुल्या खाणींभोवती वाढत गेलेले मातीचे डोंगर. मी याच मुलखात वाढलो. त्यामुळे इंग्लंडात गेल्यावर साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक खाण उतरून पाहता येते असं कळलं, तेव्हा लंडनचे वाडे-राजवाडे बाजूला ठेवून मी पूर्वेकडची गाडी धरली.

नॉरफोक परगण्यात थेटफर्ड नावाचं गाव आहे. तिथून काही मैलांवर पाइनच्या जंगलात एकदम झाडी संपते आणि गवताचं मोकळं माळरान लागतं. देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखी तिथली जमीन आहे. जिकडे पाहावं तिकडे वाटोळे खळगे, एकाला लागून दुसरा. असे चारशेहून जास्त खळगे मोजले गेले आहेत. लोक या जागेला ग्राइम्स ग्रेव्हज म्हणतात. १८६८ ते १८७० या काळात ग्रीनवेल नावाच्या धर्मगुरूने यातला एक खळगा तळापर्यंत उकरला आणि मग कळलं की हा प्रत्येक खळगा म्हणजे एक बुजलेली खाण आहे. चकमकीच्या दगडाची खाण.

इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमाराला इथे खोदकाम सुरू झालं. तिकडे सिंधूच्या काठी मोहेंजोदडोची नगररचना होत होती, तेव्हा इथली माणसं जमिनीत उतरत होती. ब्रिटनमध्ये धातूचा पत्ता नव्हता. कुदळ नाही, पहार नाही, घमेलं नाही. तरीही यातल्या सर्वांत खोल खाणी १३ मीटरच्या आसपास जातात.

पाहुण्यांना उतरता येते ती खाण १९१४ साली उकरलेली आहे. डोक्यावर हेल्मेट चढवून तीसेक फूट खाली गेलो आणि थबकलोच. भिंती पांढऱ्याशुभ्र! सगळी जमीन जणू खडूची, आणि खरोखरच तो खडूच आहे. वरून येणारा थोडासा उजेड त्या भिंतींवरून परतून तळापर्यंत पोचतो. कोळशाच्या खाणीत दिवा विझला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि इथे दिव्यावाचूनही भिंतीवरची खरवड दिसते. तळाशी, त्या पांढऱ्या खडूत, काळ्या दगडाचा एक आडवा थर आहे. हीच चकमक. आपल्याकडे कोळशाचा थर दाखवतात तसाच हाही दाखवतात.

हा थर तिथे कसा आला, तेही ऐकण्यासारखं आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा गाळ तळाशी साठत गेला, त्याचा खडू झाला. त्याच समुद्रातल्या स्पंजांच्या शरीरातली सिलिका विरघळली, गाळातल्या पोकळ्यांत पुन्हा जमली आणि काचेसारखी टणक झाली. असे तीन थर इथे एकाखाली एक आहेत. जुने खाणकामगार पहिला थर फोडून पुढे गेले, दुसराही टाकून दिला आणि तिसऱ्यापाशी थांबले. कारण तिसऱ्या थरातले गोटे मोठे आणि बिनभेगांचे, हवा तसा घाट घेणारे. आज आपले अभियंते बोअर मारून, नमुने तपासून कोणता थर फायद्याचा ते ठरवतात. त्या लोकांना हे हाताला आणि डोळ्याला कळलं होतं, आणि त्या कळण्यावर विसंबून ते घरापासून लांब, अंधाराच्या दिशेने, महिनोन्‌महिने खणत राहिले. मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटली.

अवजार काय, तर सांबराच्या जातीतल्या तांबड्या हरणाचं शिंग. एक टोक ठेवून बाकीची टोकं छाटायची, उरलेलं टोक खडूच्या फटीत ठोकायचं आणि शिंगाचा दांडा दाबून ढेकूळ उचकटायचं. यातली बहुतेक शिंगं मारलेल्या हरणांची नाहीत, गळून पडलेली आहेत. आपल्या टिपेश्वरच्या जंगलात सांबर-चितळ जसे दरवर्षी शिंगं टाकतात, तसंच. म्हणजे एका खाणीसाठी लागणारी शिंगं रानोमाळ फिरून गोळा करणारी माणसं वेगळी असणार. ग्रीनवेलला छत कोसळून बंद झालेल्या एका बोगद्यात अशी दोन शिंगं मिळाली. त्यांच्यावर खडूचा लेप बसला होता आणि त्या लेपात धरणाऱ्याच्या बोटांचे ठसे तसेच होते. ज्याचे ठसे होते, त्याचं नाव-गाव कोणालाच कळणार नाही. पण शिफ्ट संपवून वर आलेल्या कुठल्याही खाणकामगाराच्या हातासारखाच तो हात होता.

तळापासून चहूबाजूंना बोगदे फुटतात. उंची इतकी कमी की ओणवं होऊनही जाता येत नाही, सरपटावंच लागतं. अधूनमधून खडूचे खांब तसेच सोडलेले दिसतात, छत पेलायला. कोळशातही आपण खांब सोडतो. आणि काढलेला खडू ते वर नेऊन टाकत बसले नाहीत. नव्या बोगद्याचा राडारोडा जुन्या, रिकाम्या झालेल्या बोगद्यात भरला. भूमिगत खाणीत कोळसा काढलेली जागा वाळूने भरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तिचा हा इतका जुना पूर्वज मला नॉरफोकच्या तळघरात भेटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

आता हिशेब पाहा. एक मोठी खाण खणायला सुमारे २००० टन खडू हलवावा लागे, आणि हाती लागे सुमारे ६० टन चकमक. एका टनामागे तेहतीस टन! वीस माणसांनी सलग काम केलं तर पाच महिने लागत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाच महिने ही वीस माणसं खणत होती, तेव्हा त्यांच्यासाठी धान्य कोण पिकवत होतं? शिंगं कोण आणत होतं? दोर कोण वळत होतं, आणि काढलेला दगड घडवून कुऱ्हाडी-सुऱ्या करणारे हात कोणाचे होते? वाफेचं इंजिन आलं आणि उद्योग जन्मला, असं आपण शाळेत शिकतो. त्या खाणीच्या तळाशी उभं राहिल्यावर मला हे पटेना. कामाची वाटणी, कच्च्या मालाची पारख, दूरच्या गिऱ्हाइकाचा विचार आणि आधी झीज सोसून पुढच्या फायद्यासाठी थांबण्याची तयारी, हे सगळं तिथे आहे. म्हणजे उद्योग वाफेच्या कितीतरी आधीपासून होता.

त्याच शतकांत सिंधमधल्या रोहडीच्या टेकड्यांवर हडप्पाकालीन कारागीर असाच गारेचा दगड काढत होते. त्याच्या लांब पात्या आणि चौकोनी वजनं दूरदूरच्या शहरांत सापडली आहेत. त्याहून फार मागे जायचं तर कर्नाटकातलं हुणसगीजवळचं इसामपूर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथे आदिमानवाचा दगड काढण्याचा आणि हातकुऱ्हाडी घडवण्याचा कारखानाच उघडकीला आणला. त्याचं वय सुमारे १२ लाख वर्षं निघालं आहे. तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हताही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र खोल खणायची गरजच नव्हती. इथला काळा पाषाण लाव्ह्याचा. त्यातल्या पोकळ्यांत सिलिका साठून गारगोट्या, अकीक, तांबूस जास्पर तयार झाले. पाषाण झिजला की ते सुटून नदीच्या गोट्यांत येतात. वर्धा, पैनगंगा, निर्गुडा यांच्या काठी ते पायाखाली येतात. दख्खनच्या ताम्रपाषाणकालीन शेतकऱ्यांनी, घोड नदीकाठच्या इनामगावात राहणाऱ्यांनी, अशाच दगडाच्या पात्या काढल्या आणि लाकडाच्या खाचेत बसवून विळे केले. निसर्गाने आम्हाला माल उघड्यावर दिला. म्हणून खाणी झाल्या नाहीत, आणि म्हणूनच त्या कामाच्या खुणाही उघड्यावर, नांगराखाली आणि पोकलेनच्या दातांखाली आहेत.

चकमकीचं काम कुऱ्हाडींपाशी संपलं नाही. थेटफर्डहून जवळच ब्रँडन नावाचं गाव आहे. नेपोलियनच्या लढायांच्या काळात ब्रिटिश सैन्याच्या बंदुकांना लागणारी चकमक मुख्यतः तिथेच घडत असे. १८१८ च्या एप्रिलमध्ये पांढरकवड्याजवळ कर्नल ऍडम्सच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावाची फौज गाठली, तेव्हाच्या बंदुकाही चकमकीच्या ठिणगीवरच चालत होत्या. दगडाचं युग संपलं असं आपण म्हणतो, पण त्या दिवशी आपल्या मातीत राज्याचा निकाल लागताना दगडच कामाला होता. ब्रँडनचे कारागीर बंद खोल्यांत चकमक फोडत. ती धूळ छातीत जाऊन कितीतरी जण ऐन उमेदीत खोकून मेले. आपल्या गिट्टीच्या क्रशरवर तोंडाला नुसता रुमाल बांधून उभ्या असलेल्या माणसांच्या छातीतही दगडाची धूळच जाते. त्यांना नीट मास्क आणि पाण्याची फवारणी मिळायलाच हवी, त्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा आहे?

आपल्याच जिल्ह्यात, बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननात लोहयुगातली वस्ती निघाली. त्याच्याही मागचं पान आपल्या शेतांत, नाल्यांत विखुरलेलं असू शकतं. वणी, झरी, केळापूर, मारेगावच्या शेतकऱ्यांना आणि खाणीत काम करणाऱ्या मित्रांना माझं सांगणं आहे: एका बाजूने सलग सोललेली, पातळ, धारेची गार दिसली, किंवा एकाच जागी अशा कपच्यांचा थर दिसला, तर उचलून खिशात टाकू नका. ती आहे त्या जागीच बोलते. फोटो काढा, गट क्रमांक लिहून ठेवा आणि नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला कळवा. पुढच्या पावसाळ्याच्या आत, पोकलेन पोचण्याच्या आत कळवा.