फायबरला पोचा येत नाही

पत्र्याची गाडी ठोकली की पत्रा बोलतो. मार कुठून बसला, जोर कोणत्या दिशेनं गेला, कुठे जाऊन विरला, हे पोचे आणि सुरकुत्या पाहून जाणता डेंटर सांगू शकतो. फायबरला पोचा येत नाही. ते थोडं वाकतं, परत जागेवर येतं आणि फारच झालं की तडकून तुकडे होतात. तुकडे रस्त्यावर पडतात, उरलेली गाडी मात्र साळसूद चेहऱ्यानं उभी असते.

माझ्या सॅन स्टॉर्मचं असंच झालं. एप्रिलातल्या एका रात्री चुकीच्या बाजूनं आलेल्या टेंपोनं तिचा पुढचा डावा कोपरा उडवला. मला खरचटलंही नाही. बंपरचा अर्धा भाग, डावं मडगार्ड, हेडलाइटची खोबण, सगळं रस्त्यावर. बघ्यांच्या मदतीनं बारीकसारीक तुकडेसुद्धा वेचले, मासळीच्या प्लॅस्टिकच्या टबात भरले आणि गाडी टोचन करून खारदांड्याला आणली. गल्ली अरुंद, त्यामुळे ती कोळीवाड्याच्या तोंडाशीच उभी केली. येणारा-जाणारा थांबून हळहळत होता.

ही गाडी आता फारशी कुणाला आठवत नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सनं गोव्यात बनवलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार. आखणी फ्रान्सच्या ल मान्स ग्रुपची, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकही तिला सहज मागे टाकतात. पण वजन कमी, बसायची जागा रस्त्याला टेकलेली, त्यामुळे पन्नासचा वेगही अंगावर येतो. वजन कमी ठेवण्याचं श्रेय फायबरच्या बॉडीला. कल्पना जुनीच आहे. १९५३ साली अमेरिकेत पहिल्या ३०० कॉर्व्हेट निघाल्या, त्यांच्याही बॉड्या फायबरच्याच होत्या. थोड्या गाड्या काढायच्या असतील तर पत्रा दाबायच्या महागड्या डाय परवडत नाहीत; फायबरला साचा आणि हात पुरतात.

उत्पादन बंद होऊन वर्षं लोटलेल्या गाडीचा बंपर आणायचा कुठून? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्विफ्टचा बंपर मागा, चहा संपायच्या आत तीन भाव हातात पडतात: कंपनीचा, लोकल आणि उतरवलेला. स्टॉर्मचं नाव काढल्यावर दुकानदारानं आधी माझ्याकडे आणि मग शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. शेवटी ओळखीतून ओळख काढत दुसऱ्या शहरातल्या एका फायबरच्या कारखान्यातून अख्खा पुढचा भाग मागवला. ट्रान्स्पोर्टनं गोणपाटात गुंडाळून आला. लांबून पाहिला तर झकास. गाडीला लावून पाहिला तर बोनेटशी उजवीकडची फट बरोबर, डावीकडे मात्र बोट जाईल एवढी, आणि डाव्या हेडलाइटची खोबण आक्रसलेली.

असं का होतं ते डेंटर उस्तादांनी समजावलं. बाहेरचं पॅनल करणारा साचा घेतो एखाद्या चालत्या गाडीवरून. ती गाडी आधीच कधी ठोकून दुरुस्त झालेली असेल तर तिचं वाकडेपण साच्यात उतरतं. त्यात पॉलिएस्टर रेझिन सुकताना आकसतं. लवकर साच्यातून काढलं तर पीळ पडतो. नकलेवरून नक्कल होत गेली की चुका वाढत जातात.

पण उस्तादांनी पॅनल भिंतीला टेकवून ठेवलं आणि मलाच विचारलं, "चासिस नापा क्या?"

मग जे झालं ते पाहायला मी खाली बसलो. सपाट लादीवर गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीच्या घोड्यांवर घेतली. उस्तादांनी गवंड्याचा ओळंबा काढला. चासिसच्या एका ठरावीक भोकातून दोरी सोडली, टोक डुलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि बरोबर त्याखाली खडूनं फुली मारली. तसंच उजव्या-डाव्या जोडीच्या सगळ्या भोकांचं. गाडी ढकलून बाजूला घेतल्यावर लादीवर फुल्यांचा नकाशा उरला. आता टेप घेऊन तिरकस मापं: पुढच्या डावीपासून मागच्या उजवीपर्यंत आणि पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत. सांगाडा सरळ असेल तर दोन्ही सारखी यायला हवीत. आमच्यात ११ मिलिमीटरचा फरक निघाला. पुढची डावी बाजू आत सरकली होती आणि बंपरमागची लोखंडी आडवी पट्टी वाकली होती. बाहेरून यातलं काहीही दिसत नव्हतं.

नवं पॅनल बसवून, फटीत लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून गाडी तशीच देणारे कमी नाहीत. दिसायला ती उत्तम दिसली असती. पण पुढच्या वेळी धक्का बसला तर तो फायबर झेलणार नव्हतं, ती वाकलेली पट्टी झेलणार होती. बंपर ही नुसती कातडी. मार खायचं काम मागच्या लोखंडाचं. चेन ब्लॉक लावून सांगाडा हळूहळू ओढला, पुन्हा ओळंबा, पुन्हा खडू. पट्टी कापून नवी वेल्ड केली. तिरकस मापं जुळल्यावर तेच पॅनल परत लावलं, तर बोटभर फट निम्मी झाली! उरलेली निम्मी मात्र खरंच पॅनलची होती.

ती काढायला मी दांड्यातच दादूसकडे गेलो. दादूस होड्यांचं फायबर करतात. लाकडी होडीला बाहेरून फायबर मारायचं, फायबरच्या होडीचा खडकाला घासलेला तळ सांधायचा, हा त्यांचा धंदा. १ जूनला मासेमारी बंद होते आणि फायबरचं काम पावसाआधीच उरकावं लागतं, म्हणून त्यांच्याकडे मे महिन्यात गर्दी. त्यांनी पॅनल उलटं करून आतली बाजू पाहिली, बोटांनी ठोकलं आणि म्हणाले, "माल बरा हाय. कोपरा कापू. पण पावसाच्या आधीच, नायतर रेझिन चिकटच राहील."

आता तो टब कामाला आला. वेचलेले तुकडे आतून चिकटपट्टी लावून त्यांनी जोडले आणि डाव्या कोपऱ्याचा खरा आकार उभा राहिला. जिथे तुकडा नव्हता तिथे उजव्या बाजूवर पुठ्ठा धरून वळण कापलं आणि तोच पुठ्ठा उलटा करून डावीकडे लावून पाहिला. विकतच्या पॅनलचा डावा कोपरा कापून टाकला, जुन्या तुकड्यांवरून केलेला नवा कोपरा त्याजागी आला.

खरी मेहनत सांध्यात असते. फायबरचे दोन काठ नुसते भिडवून वर पट्टी मारली तर ती पहिल्या खड्ड्यात उघडते. काठ घासून उतरता करायचा, जाडीच्या बारापट. पॅनल ३ मिलिमीटर जाड असेल तर उतार ३६ मिलिमीटरचा. मग त्या उतारावर काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा रुंद. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी मिसळून ठेवलेला असतो, हार्डनर ऐन वेळी घालायचा, किलोला १० ते २० मिली. हे दोन एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत; भडका उडतो. मेच्या दुपारी हार्डनर जरा जास्त पडला तर डबा हातातच तापून गोठतो. म्हणून दादूस छोट्या डब्यातच माल कालवत होते. ब्रशनं रेझिन, वर मॅट, मग लोखंडी चकत्यांचा रोलर. पांढरी मॅट ओली होत पारदर्शक होते, आणि जिथे पांढरा ठिपका उरतो तिथे हवा अडकलेली. तो ठिपका ते रोलरनं काठापर्यंत ढकलत नेऊन बाहेर काढायचे. शेजारी वलांडीवर बोंबील वाळत होते. त्यांच्या वासावर स्टायरीनच्या वासानं मात केली, तेव्हा एका मावशींनी आम्हाला वाऱ्याच्या पलीकडे हाकललं.

रंगाची घाई दादूसनी करू दिली नाही. फायबर ऊन खाऊन पुरतं आकसू द्यावं लागतं. नाहीतर काही महिन्यांनी मॅटचे धागे रंगाखालून उमटतात. प्रायमर, घिसाई आणि रंग हे मग नेहमीसारखं झालं.

विम्याची गंमत वेगळीच. आपल्याकडच्या पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर सरसकट ३० टक्के. म्हणजे कागदावर माझी कातडी सांगाड्यापेक्षा मोलाची ठरली. मजुरीवर घसारा नसतो, आणि आमचं बिल बहुतेक मजुरीचंच होतं.

कार्टर रोडला गाडी लावली की शौकीन जमतात. जुनी गाडी घेणारे खिशात लोहचुंबक ठेवतात. पत्र्यावर जिथे तो चिकटत नाही तिथे लांबी भरलेली. स्टॉर्मवर तो कुठेच चिकटत नाही आणि बिचारे गोंधळतात. मग ठरलेला प्रश्न येतो: "बॉडी ओरिजिनल आहे?" हातानं थर रचून केलेल्या गाडीत गोव्यात रचलेला थर ओरिजिनल आणि दांड्यात रचलेला डुप्लिकेट, हे मला काही पटत नाही. अशी गाडी घ्यायची असेल तर रंगावर बोट फिरवण्यात अर्थ नाही, खाली वाकून बघा. पट्टीवरचे वेल्ड बघा, आणि मालकाकडे तिरकस मापं मागा. माझी डिकीत कागदावर लिहून ठेवली आहेत.