अर्ध्याची रेघ

मोटारीतले मला काही कळत नाही. पेट्रोल कोठे भरतात आणि हॉर्न कोठे दाबतात, एवढ्यावर माझे ज्ञान संपते. तरीही गणपती गेल्यानंतरचे चार रविवार मी कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या दादांच्या कारखान्यात, एका उघड्या मोटारीपाशी स्टुलावर बसून काढले. आमच्या घरात हे अजून कोणाला खरे वाटत नाही.

गाडी होती एमजीए. दोन माणसांपुरती, बसकी, पळण्याच्या पवित्र्यात उभी असलेली. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात अशा १,०१,०८१ गाड्या निघाल्या. त्यांतली एक सांगलीकडच्या कोणा गृहस्थांच्या गोठ्यात येऊन पडली होती. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पडले होते. आता असले इंजिन आणावे कोठून?

"आणायचं कशाला?" दादा म्हणाले. "ॲम्बॅसडरचं बसवू."

मला हसू आले. आख्खे वऱ्हाड पोटात घेऊन घाट चढणाऱ्या त्या सोशिक गाडीचे इंजिन या छबकडीला? पण दादा थट्टा करीत नव्हते. दोन्ही इंजिने मूळ एकाच घरची. बीएमसीची 'बी' मालिका, १४८९ सीसी. एमजीएला दोन कार्ब्युरेटर, ॲम्बॅसडरला एक. एमजीएच्या अंगात रग जास्त. ॲम्बॅसडर २०१४ साली बंद झाली, तरी तिची इंजिने अजून मिळतात.

एकाच घरची माणसेसुद्धा एका खोलीत सुखाने बसतीलच असे नाही, हे मला ठाऊक होते. जुन्या इंजिनाची पुढची-मागची प्लेट, तेलाचा तळ, मॅनिफोल्ड, दोन्ही कार्ब्युरेटर काढून नव्याला चढवले. एवढे गोडीत झाले. खरी रडकथा बाजारातून आणलेल्या भागांची. दुकानदाराचा एक ठरलेला शब्द असतो, "बसतंय की!" बसवायला मात्र तो कधी येत नाही. इंजिनाखालच्या रबरी बैठकांचे बोल्ट चौकटीच्या भोकांपासून पाव इंच सरकलेले निघाले. दादांनी ती भोके कानशीने लांबट केली. पुढे बोल्टांची पाळी. इंजिनाचे आटे इंची, दुकानातले बोल्ट मिलिमीटरचे. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटरांहून किंचित जास्त, आणि हातात दहाचा! पोराने तो पान्याने रेटायला घेतला तेव्हा दादा ओरडले, "जोर नको रं! जोर लागला म्हंजे काय तरी चुकलंय."

शेवटी राहिला बुश. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक भोक असते. गिअरबॉक्सच्या दांड्याचे नाक त्यात टेकते, आणि मध्ये काशाचा छोटा बुश असतो. बाजारातला बाहेरून सैल आणि आतून घट्ट निघाला. दादांनी लेथवर स्वतःच करायचे ठरवले. काशाची कांडी दोन बुशांपुरतीच उरली होती.

दांड्याच्या नाकाला मायक्रोमीटर लावून दादांनी तो माझ्यापुढे धरला. "मास्तर, आकडा वाचा की. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या खिशात होता. मला दिसत होता.

मी वाचला. फिरत्या बाहीवर ४८ होते आणि तिच्या कडेशी अर्ध्या मिलिमीटरची रेघ नुकती डोकावत होती. मी ती धरली. बाहीचे पन्नास पुरे होईपर्यंत ती रेघ धरायची नसते, हे वर्गात कधी कोणी विचारले नव्हते. दादांनी माझ्या आकड्यावर भोक केले, आणि बुश दांड्यावर लोटीत चमचा खुळखुळावा तसा खुळखुळला.

दादा मला एक शब्द बोलले नाहीत. नापास मुलाला आपण कसे पाहतो, ते मला त्या दिवशी समजले.

दुसऱ्या बुशाला त्यांनी मायक्रोमीटर घेतलाच नाही. जुना कॅलिपर दांड्याच्या नाकाला लावला. तेच माप दुसऱ्या, आतल्या मापाच्या कॅलिपरवर बोटांनी चाचपून उतरवले. डोळे मिटूनच म्हणा ना. बुश बसला. इंजिन चालू झाले, गिअर आवाज न करता पडला, आणि मालक रडायचेच बाकी राहिले.

बाहेर आल्यावर दादा हळूच म्हणाले, "वहिनीला बोलू नकोस. पोरगं लेथ विकायलाच टपलंय."

दोन दिवस मी गप्प राहिलो. लेथचा फिरता चक, त्याच्यापाशी वाकलेले दादा आणि त्यांच्या ढगळ बाह्या डोळ्यांपुढून हलेनात. तिसऱ्या दिवशी वहिनींना सांगितले. दादा दसऱ्याला माझ्याकडे सोने द्यायला आले नाहीत. मी गेलो तर पाने घेतली आणि आत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र त्यांना मीच नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केले. दादांनी पहिली ओळ वाचली, दुसरी अडखळत वाचली, आणि तिसरीला मान न वळवता, कुजबुजत म्हणाले, "मास्तर, काय हाय रं?"

मी म्हटले, "दादा, माझं वाचन तुम्हाला माहीत आहे."

डॉक्टरांना कळेना, आम्ही दोघे एवढे का हसतो आहोत. शस्त्रक्रिया तुळशीच्या लग्नानंतर ठरली आहे. लेथवर तोवर फडके टाकले आहे.