कुलूप नवे, किल्ली जुनी

आमच्या घरच्या पेटीत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. शेताचे व्यवहार त्यात लिहिलेले आहेत, पण घरात मोडी वाचणारा कोणी उरला नाही. कागद शाबूत, अक्षर शाबूत. तरी ते आमच्यासाठी बंदच.

ई-मेलच्या जगातही असेच घडते. शेताच्या वाटणीचे कागद मी निर्मलहून नांदेडला दादांकडे कुलूपबंद ई-मेलने पाठवले. त्यांच्या संगणकावर ते उघडेनात. दादांचा फोन आला, "मला वाचता येऊ नये असं काय लिहिलंय त्यात?" सख्ख्या भावाचे हे बोलणे मनाला फार लागले.

दोष कोणाचाच नव्हता. या पद्धतीत प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. जाहीर किल्ली कोणालाही द्यावी, तिने पत्र बंद होते. ते उघडते फक्त आपल्या खासगी किल्लीने. जाहीर किल्लीसोबत एक टीपही असते, 'मला अमुक प्रकारची कुलुपे उघडता येतात.' दादांची किल्ली पुतण्याने आपल्या नव्या संगणकावर बनवली आणि मग दादांच्या जुन्या संगणकात घातली. टीप नव्या प्रोग्रामची, उघडणारा प्रोग्राम जुना! माझ्या संगणकाने टीप प्रमाण मानून नवे कुलूप लावले.

हे दुखणे जुनेच आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी आणले. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीतल्या नव्या प्रकारच्या किल्ल्या आधीच्या आवृत्त्यांना कळत नव्हत्या. पुढे १९९८ मध्ये ओपनपीजीपी हे सामाईक मानक ठरले, २००७ मध्ये ते सुधारले. २०२४ मध्ये पुन्हा नवे मानक आले, पण ग्नूपीजी बनवणाऱ्यांनी लिब्रेपीजीपीची वेगळी वाट धरली.

पुतण्याने ती टीप बदलली, जाहीर किल्ली सर्वांना पुन्हा पाठवली. मी तेच कागद परत पाठवले आणि ते लगेच उघडले. दादा हसले, मलाही हायसे वाटले.

आपणही एवढे ध्यानात ठेवावे. किल्ली जिथे वापरायची, त्याच संगणकावर बनवावी. घरातले सगळे नव्यावर येईपर्यंत जुन्या-नव्या दोघांना कळणारी चौथ्या आवृत्तीचीच किल्ली ठेवावी. जुनी खासगी किल्ली कधीही पुसू नये, कारण जुनी पत्रे तिच्याशिवाय उघडत नाहीत. आणि पत्र उघडले नाही, तर आधी कुलूप तपासावे. माणसावर संशय घेऊ नये.