मानसगंगोत्रीच्या आवारात

मिरज सोडून गाडी दक्षिणेकडे निघाली, की थोड्याच वेळात स्थानकांवरील पाट्यांची लिपी बदलते. फेरीवाल्यांचे पुकारे, सहप्रवाशांच्या गप्पा, सारेच अनोळखी होऊ लागते. म्हैसूरला उतरेपर्यंत मराठी माणूस खुणांवर आणि मोडक्यातोडक्या हिंदीवर आलेला असतो. चार दिवसांच्या प्रवाशाला याची गंमत वाटते. मात्र पक्षाघातानंतर ज्यांची भाषा हरपते, त्यांना स्वतःच्या घरात, आपल्याच माणसांत असे परके होऊन राहावे लागते.

म्हैसूरच्या पश्चिम भागात कुक्करहळ्ळीचा विस्तीर्ण तलाव आहे. मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या काळात, १८६४ साली तो बांधला गेला. तलावाला लागून विद्यापीठाचे झाडीने भरलेले आवार आहे. कन्नड महाकवी कुवेंपू यांनी त्याला ‘मानसगंगोत्री’ हे नाव दिले. याच परिसरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. १९६५ साली तिची स्थापना झाली. ऐकणे, बोलणे, भाषा आणि गिळणे यांतील दोषांची तपासणी, उपचार, शिक्षण आणि संशोधन येथे एकत्र चालते. तान्ह्या बाळापासून वृद्धांपर्यंत सर्व वयांचे रुग्ण येथे येतात.

माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, पक्षाघातानंतर म्हैसूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहावयास गेले होते. त्यांच्या तपासणीच्या वेळी मला त्यांच्यासोबत राहता आले. त्यांना आपण गुरुजी म्हणू. “त्यांना आता काही कळत नाही,” असे घरातील सर्वांनी धरून चालले होते. गावाकडचे घर विकण्याची बोलणीही सुरू झाली होती. गुरुजींच्या समोर, परंतु गुरुजींना वगळून.

प्रारंभ कानांपासून झाला. ज्याला प्रश्न नीट ऐकूच येत नाही, त्याच्या उत्तरावरून भाषेची परीक्षा कशी करणार? बाहेरचा आवाज आत येऊ न देणाऱ्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवले जातात. उतारवयात बहुधा वरच्या पट्टीचे स्वर आधी क्षीण होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ अशी व्यंजने निसटतात आणि शब्दांचा केवळ सांगाडा कानी पडतो. “ऐकू येते, पण कळत नाही” ही ज्येष्ठांची तक्रार म्हणूनच खरी असते. पुढच्या चाचणीत ऐकलेले शब्द परत म्हणावयाचे असतात. ते शब्द रुग्णाच्या भाषेतील असावे लागतात. अपरिचित भाषेतील शब्द चुकले, तर दोष कानाचा की भाषेचा, हे ठरणार कसे?

वाचेच्या तपासणीत हाच मुद्दा अधिक ठळक झाला. तपासणाऱ्या तरुण बाई कानडी, इंग्रजी आणि हिंदी उत्तम जाणत होत्या, मराठी नव्हे. त्यांनी गुरुजींच्या पत्नीला शेजारी बसवून घेतले आणि म्हणाल्या, “तुम्ही मराठीत विचारा, मी पाहते.” समोर ठेवलेल्या वस्तूंपैकी घड्याळ कोणते, हे गुरुजींनी अचूक दाखवले. त्याचे नाव मात्र ओठांपर्यंत येऊन अडले. पुढे त्यांना एकपासून अंक म्हणावयास सांगितले, तेव्हा दहापर्यंत ते विनासायास गेले. मनाचे श्लोक सुरू करून दिले, तर पुढच्या ओळी त्यांनी जवळजवळ स्पष्ट म्हटल्या. आयुष्यभर मुखोद्गत असलेले असे पुष्कळदा शाबूत राहते. अडतो तो ऐनवेळी शोधावा लागणारा शब्द. याला वाचाघात म्हणतात. त्यात बुद्धी गेलेली नसते.

नंतर बाईंनी ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन कार्डे समोर ठेवली. आधी उत्तरे ठाऊक असलेले प्रश्न विचारून खात्री करून घेतली. मग मुलाने चाचरत विचारले, “बाबा, गावचे घर विकायचे का?” गुरुजींनी ‘नाही’वर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. खोलीत कोणीच काही बोलले नाही.

शेवटी गिळण्याचा प्रश्न निघाला. गुरुजींना चहा पिताना ठसका लागे आणि नंतर आवाज ओलसर, घोगरा येई. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे दार मिटते. पक्षाघातात हा मेळ बिघडू शकतो. पाणी आणि चहा वेगाने घरंगळतात, म्हणून अनेकांना तेच घासापेक्षा अवघड जातात. काहींच्या श्वासनलिकेत अन्न ठसक्यावाचूनही उतरते आणि मग वारंवार ताप, कफ, न्यूमोनिया यांचे कारण सापडत नाही. अशा वेळी बेरियम मिसळलेले अन्न गिळताना क्ष-किरणांनी पाहतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून तपासतात.

घरी काळजी घेणाऱ्यांनी काही गोष्टी आवर्जून पाळाव्यात. रुग्ण पूर्ण जागा असताना, ताठ बसवूनच भरवावे. घास लहान, घोट छोटा. पहिला उतरल्यावाचून दुसरा देऊ नये. मान मागे टाकून तांब्याने वरून पाणी पिण्याची आपली सवय येथे घातक ठरते. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. दात आणि जीभ स्वच्छ ठेवावी. पेय किती दाट करावे, हे मात्र तज्ज्ञांनी ठरवावे. बोलताना टीव्ही बंद करावा, समोर बसावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा. “काय हवे?” याऐवजी “चहा हवा की दूध?” असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. शब्द तोंडातून काढून घेऊ नये.

या सेवेसाठी प्रत्येकाने म्हैसूर गाठण्याचे कारण नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही वाचोपचारतज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ असतात. मात्र तज्ज्ञांची भेट आठवड्यातून एखादा तास होते. उरलेला सारा वेळ घराचा असतो. मायबोलीत बोलणारी, उत्तराची वाट पाहणारी माणसे घरातच असतात. ‘वय झाले’ म्हणून ज्यांच्याशी आपण बोलणे सोडले आहे, त्यांना आज एक प्रश्न विचारावा आणि शांतपणे थांबावे.