सही आखाजीपर्यंत थांबली

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीट गावच्या लसीच्या यादीतल्या बऱ्याच मुलींचा वाढदिवस एकच होता, १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख, तीच पुढे आधारवर चढली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मोफत मिळणार होती ती चौदा पूर्ण झालेल्या, पण पंधरा न भरलेल्या मुलींना. म्हणजे यांची मुदत ३१ मेपर्यंत. खरी तारीख विचारली तर एक आई म्हणाली, ''पाणी पडी ऱ्हायंतं तवय.'' ते नोंदणीच्या पोर्टलवर कुठे भरायचं?

मी आरोग्य सेविका. बाळांना लसी देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे आई मूल मांडीवर घेऊन समोर बसलेली असते. इथे मुलगी समोर आणि आईबाप बारडोलीकडे ऊसतोडीला. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातली किती कुटुंबं अशी गुजरातेत जातात, ते आमच्या गावांतली कुलपंच सांगतात. मुलगी राहते आजीकडे, नाहीतर वसतिगृहात. लस ऐच्छिक, पालकांची संमती लागणारच.

काम उरकायची घाई असलेला एकजण म्हणाला, ''वसतिगृहाच्या बाईंची सही घ्या की.'' मी नाही म्हटलं. २००९मध्ये तेव्हा आंध्रात असलेल्या खम्मम आणि शेजारच्या गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात याच रोगाच्या लसीचा प्रकल्प झाला होता. आंध्रात वसतिगृहातल्या कित्येक आदिवासी मुलींच्या अर्जांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं चौकशीत निघालं. पण २०१०मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष असूनही तिचं नाव खराब झालं, ते त्या सह्यांपायी. असं माझं मत आहे, आणि ते मी बैठकीतही बोलले.

मग आशाताई आणि मी संध्याकाळीच निघायचो. दिवसा घरी माणूस सापडत नाही. एका ओट्यावर आजी तूर निवडत होत्या. सुपावरची नजर न काढता म्हणाल्या, ''हाई सुई कसानी शे?'' मी सांगितलं, एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, लागण झाल्यावर पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कर्करोग होऊ शकतो. लस ती लागण रोखते, झालेली बरी करत नाही, म्हणून ती आधीच द्यायची. देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा रोग होतो. आजींना आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. ''पुढे तिले पोरे व्हतीन ना?''

गाव फिरलं तरी प्रश्न हाच. होतील, लसीचा आणि मूल होण्याचा काही संबंध नाही, हे मी सांगत राहिले. मग त्या आजींनी मुलाला फोन लावला. बाप म्हणाला, द्या. मी म्हटलं, आखाजीला येणार आहात ना? तेव्हा सही करा, मग देऊ. आशाताई रस्ताभर माझ्यावर चिडून होत्या. त्यांचं म्हणणं, हातातली मुलगी सोडली.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माणसं परतली. त्या मुलीला घेऊन तिची आई आरोग्य केंद्रात आली. संमतीपत्र तिने पोरीकडून मोठ्याने वाचून घेतलं, दोन ठिकाणी थांबवून विचारलं, आणि सावकाश सही केली. दंडावर एक डोस, मग अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचं. चक्कर येते ती बहुधा भीतीनं, आणि एकीला आली की रांगेतल्या तिघींना येते. म्हणून मी लस झालेल्यांना आणि व्हायच्या असलेल्यांना समोरासमोर बसवत नाही.

बाकावरून आईनेच विचारलं, ''सिस्टर, मला नाही का ही?''

या मोहिमेत तिच्यासाठी लस नव्हती. पण तिशीनंतरच्या बायकांसाठी तपासणी असते: गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पांढरा डाग उठतो का ते बघतात. दुखत नाही, काही मिनिटांत होतं. तिचं वय कागदावर पस्तीस. पडद्यामागे कोण बघणार, बाई की पुरुष, एवढंच तिने विचारलं. बाई, म्हटल्यावर तिने शेजारणीलाही हाक मारली.