वडशाची रात्र आणि कुलपातली पेटी

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. धान घरात आले की दिवाळीनंतर येथील नाटक मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक.

आम्ही नाटक पाहायला गेलो, पण लक्ष वादकांकडेच लागले. ऑर्गन, तबला नि ऑक्टोपॅड. तालमीला फारसा वेळ नसतो; नट प्रॉम्प्टरच्या भरवशावर बोलतात. गायक ज्या पट्टीत सूर लावील, ती वादकाने तिथल्या तिथे पकडायची. पहाटेपर्यंत हेच.

ऑर्गनवरच्या तरुणाला विचारले, "कुठे शिकलास?"

"कुठं शिकनार जी? उस्तादाच्या बाजूला बसून आयकलं. ते चहाले उठले का मी बोटं ठेवत होतो."

वाद्य एक, शिकणारे चार. पण हंगामभर भरल्या मंडपासमोर परीक्षा. याच रंगभूमीवरील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

परतताना आम्हाला आमच्या विहारातील पेटी आठवली. वर्गणी करून घेतलेली. १४ एप्रिलला बाहेर निघते, आणि १९५६ साली बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली त्या १६ ऑक्टोबरला. एरवी कुलपात. मोडेल म्हणून मुलांना आम्हीच हात लावू देत नव्हतो.

आता ठरवले आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर किल्ली मुलांच्या हाती देणार. भाता फाटला तर पुन्हा वर्गणी करू. आपल्याही विहारात अशी बंद पेटी असेल, तर बंधू-भगिनींनो, ती उघडावी. जयभीम!